बारवेकाठची पेटी

ज्याने पोकळ लाकडात वारा कोंडला आणि त्या वाऱ्याला बोलायला शिकवले, त्या परमेश्वराला आधी वंदन करतो. आणि लगेच दुसरे वंदन त्या बाईंना, ज्यांच्या डाव्या हाताने भाता ओढून सव्वीस वर्षे माझ्या कीर्तनाला श्वास पुरवला.

महादेवीअक्का सोलापुरात बाळीवेशीच्या मागे दोन खोल्यांत राहतात. वय एकोणसाठ. दिवसा गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात काज-बटणाच्या यंत्रावर बसतात. कुठल्या कुठल्या गावांतली लेकरे सकाळी गळ्याखालचे बटण लावताना अक्कांनी पाडलेल्या काजातून ते नेत असतील. त्यांना अक्का ठाऊक नाहीत आणि अक्कांचे त्यावाचून काही अडलेले नाही. वडील निंगप्पा अक्कलकोटाकडच्या एका खेड्यात मठातल्या भजनाला पेटी वाजवीत. त्यांनी लेकीला शिकवले ते कन्नडमधून, आणि रागावले तेही कन्नडमधूनच. त्यामुळे माझ्याशी मराठीत बोलणाऱ्या अक्का मात्रा मात्र अजून ‘ओंदु, एरडु, मूरु’ अशाच मोजतात.

कीर्तनात लोक उभ्या असलेल्या माणसाकडे पाहतात. बसलेल्या माणसाकडे कोणी पाहत नाही. मी कथेत चुकलो तर अक्का सूर चढवून मला सावरतात, माझा गळा बसला तर पट्टी उतरवून मला झाकतात, आणि कीर्तन संपल्यावर नमस्कार माझ्या पायांना होतो. हे इतकी वर्षे मी घेत आलो. आज ते देणे शब्दांनी फेडावे म्हणून हे लिहितो आहे, आणि अभिमानाने लिहितो आहे.

गोष्टीचा आरंभ एका साध्या संध्याकाळी झाला. पुढच्या कीर्तनाची चाल ठरवायला मी अक्कांकडे गेलो होतो. दारातच एक सुरावट कानावर आली. पेटी अक्कांचीच होती, पण चाल मी कधी ऐकलेली नव्हती. चार पावले वर जाऊन दोन पावले मागे येणारी ती चाल मला परगावाहून घरी परतणाऱ्या आणि दाराशी क्षणभर थांबणाऱ्या माणसासारखी वाटली.

“हे कुठल्या मठातले?” मी विचारले.

“मठातलं न्हाय बुवा. आरोहीच्या खेळातलं हाय,” अक्का म्हणाल्या. “बावीस वर्सं ऐकतीय मी. स्वयंपाकघरात ऐकून ऐकून हातात बसलं.”

आरोही म्हणजे अक्कांच्या धाकट्या भावाची मुलगी. भाऊ-भावजय गेल्यापासून ती अक्कांकडेच वाढली. आता एकतीस वर्षांची आहे आणि एका दवाखान्यात हिशेबनीस म्हणून काम करते. ‘तोरावेन’ नावाची परदेशी व्हिडिओ-खेळमालिका ती नऊ वर्षांची असल्यापासून खेळते. या खेळात खेळणारा एका माणसाची भूमिका घेतो आणि साठ-सत्तर तास त्या माणसाच्या कथेत राहतो. दर भागात देश नवा, नायक नवा, पण प्रत्येक नायकाचे मूळ पहिल्या भागातल्या एकाच गावात. बावीस वर्षांत असे आठ भाग झाले होते.

मी जरा हसलो असेन. “खेळात कसले संगीत? मारामारीला एक ढोल पुरे.”

“बसा बुवा,” आरोही आतून बाहेर येत म्हणाली. “आत्या चहा टाकतीय, तोवर ऐका. नाही आवडलं तर पुढच्या कीर्तनाला पहिल्या रांगेत बसते, मोबाइल बंद करून.”

“आणि आवडले तर?”

“तर उत्तररंगात मला झोप येते, हे तुमच्या तोंडावर सांगायची मुभा द्या.”

“ती तर तू आताच घेतलीस की,” अक्का म्हणाल्या आणि चुलीकडे वळल्या.

चहा झाला, गार झाला, आणि पुन्हा गरम करावा लागला. मी उठलो नाही.

सज्जनहो, त्या दिवशी मी जे ऐकले ते मोजक्या शब्दांत सांगतो. पहिला भाग हातात मावणाऱ्या एका स्वस्त यंत्रासाठी निघाला होता आणि त्या यंत्राला एका वेळी तीनच आवाज काढता येत होते, तेही घंटीसारखे कोरडे. त्या तीन आवाजांत संगीतकाराने नायकाच्या गावाची चाल बांधली. ज्याच्या हाती तीनच सूर आहेत, त्याला एकही सूर वाया घालवणे परवडत नाही. तिथे अलंकाराच्या आड लपायला जागा नसते. त्या चालीत लपवण्यासारखे काही नव्हतेच. मग भागामागून भाग आले, यंत्रे थोर झाली, आणि दर भागात गावाची ती चाल कुठे ना कुठे परत आली. चौथ्या भागात ती खऱ्या बासरीवर आली. पाचव्या भागात ते गाव जळालेले असते. तिथे तीच चाल येते, पण मधले मधले सूर काढून घेतलेले. जागा रिकाम्या. नवा खेळाडू त्या ऐकून पुढे जातो. ज्याने पहिला भाग खेळला आहे त्याचे मन मात्र त्या रिकाम्या जागा आपोआप भरत जाते, आणि काय काय जळाले ते त्यालाच कळते.

“इथं मी रडले होते,” आरोही म्हणाली. “दहावीत होते.”

“आनि मी भाकरी करपवली होती,” आतून अक्का म्हणाल्या.

कीर्तनात ध्रुवपद पुन्हा पुन्हा येते. शब्द तेच, चाल तीच. पण पहिल्या वेळी ते वचन असते, मधे तो प्रश्न होतो आणि शेवटी डोळ्यांतले पाणी होते. हे साधायला मला अर्धे आयुष्य लागले. तिकडे सातासमुद्रापलीकडच्या त्या अनोळखी माणसाने ते बावीस वर्षांच्या पल्ल्यावर साधले होते. मी मनोमन त्याला हात जोडले. आणि हे सगळे मला कळण्याआधी वीस वर्षे भाकरी थापणाऱ्या एका बाईला कळले होते, हे जाणवले तेव्हा माझी मान आणखी खाली गेली.

आरोहीने अक्कांचे ते वादन फोनवर उतरवून घेतले आणि खेळाच्या चाहत्यांमध्ये पाठवून दिले. पाहता पाहता ते दूर गेले. दोन महिन्यांनी पुण्याहून फोन आला.

फोन करणारा अनिलकुमार मूळचा सोलापूरचाच, अशोक चौकातल्या विणकराच्या घरातला. घरी तेलुगू, गल्लीत दखनी आणि शाळेत मराठी बोलत वाढलेला. आता पुण्यात त्याचा ध्वनिमुद्रणाचा स्टुडिओ होता. तोरावेनच्या नवव्या भागात दख्खनसारखा खडकाळ मुलूख होता आणि त्यात एक जुनी बारव होती. वाटसरूने तिच्या पायऱ्यांवर बसावे, पाणी प्यावे आणि पुढे जावे, अशी ती जागा. त्या बारवेपाशी गावाची तीच चाल पेटीवर वाजावी, अशी मूळ संगीतकाराची इच्छा होती. त्याने अक्कांचे वादन ऐकले होते आणि निरोपात लिहिले होते की, ही जागा अशी हवी, जिथून उठावेसे वाटू नये.

“पण एकच दिवस आहे, अक्का,” अनिलकुमार म्हणाला. “सोमवारी संध्याकाळी सहापर्यंत. मंगळवारी सकाळी काम तिकडे जातं. नाही जमलं तर यंत्रातली पेटी लावतील. तीही तयार ठेवलीय त्यांनी.”

फोन ठेवल्यावर अक्कांनी पदराने पेटी पुसली. मग मला म्हणाल्या, “बुवा, बावीस वर्सं त्या गावाबाहेर हुबं राहून ऐकतीय मी. एकदा आत बसून वाजवावं वाटतंय.”

आयुष्यात त्यांनी स्वतःसाठी मागितलेली एवढी एकच गोष्ट मी ऐकली आहे.

सोमवारी पहाटेच्या गाडीने आम्ही तिघे निघालो. पेटी चादरीत बांधून अक्कांनी ती खिडकीच्या जागेवर ठेवली आणि स्वतः कडेला बसल्या. तिकीट तपासनीसाने पेटीकडे पाहिले, अक्कांकडे पाहिले आणि तो पुढे गेला. दहा वाजता आम्ही स्टुडिओत होतो.

पहिले वादन झाले. मला ते उत्तम वाटले. काचेपलीकडे बसलेल्या अनिलकुमारने मान हलवली.

“अक्का, गोड आहे. पण तुम्ही संपवलंत.”

“मग? संपवू नको तर काय करू?”

“हे संपत नाही. खेळणारा बारवेवर दोन मिनिटं थांबेल नाहीतर दोन तास. तोवर हे फिरत राहणार. शेवट कुठं, सुरुवात कुठं, हे त्याला कळता कामा नये. तुम्ही शेवटी तिहाई घेतली.”

तिहाई म्हणजे एकच बोल तीनदा वाजवून तालाच्या पहिल्या मात्रेवर येऊन थांबणे. निंगप्पांची शिकवणच तशी होती: चाल हवेत सोडून पेटीवरून हात काढायचा नाही, ते पाप. तिला घरी आणून पोचवायची आणि मग पेटीला नमस्कार करायचा. त्या नमस्कारात अक्कांच्या बांगड्या लाकडावर वाजल्या होत्या, आणि तेही ध्वनिमुद्रणात उतरले होते.

“बरं,” अक्का म्हणाल्या. “तिहाई घेत न्हाय. नमस्कार मनात करते.”

दुसऱ्यांदा त्या अखंड वीस मिनिटे वाजवत राहिल्या. अनिलकुमारने मधले एक आवर्तन काढले, त्याचे शेपूट त्याच्याच तोंडाला जोडले आणि फिरवून ऐकवले. आम्ही कान दिला. दर दीड मिनिटाने चाल किंचित मंद होई, पहिल्या सुरावर जरा वजन पडे आणि मग ती पुन्हा चालू लागे. वाजवताना कोणाला जाणवले नव्हते. जोडल्यावर मात्र मलाही दिसले.

“बघा,” अनिलकुमार म्हणाला. “माणूस पाणी प्यायला बसलाय, आणि तुम्ही दर दीड मिनिटाला आरती संपवून प्रसाद वाटताय.”

“तुझ्या त्या माणसाला घरदार न्हाय का? दोन-दोन तास बारवेवर बसतोय ते.”

“घरदार जळालंय त्याचं, अक्का. पाचव्या भागात.”

अक्का हसल्या, पण नंतर त्यांचा चेहरा उतरला. तिसरे वादन, चौथे वादन, सातवे वादन. जितके जपावे तितके वजन पडत होते. सव्वीस वर्षे माझ्या गाण्यात दर आवर्तनाच्या शेवटी त्यांनी हलकेच खूण केली होती, की बुवा, इथून तुम्ही या. ती खूण आता त्यांच्या बोटांत रक्तासारखी होती. मला वाटले, यांच्या या बेडीचा लोहार मीच.

दुपारचे तीन वाजले. डब्यातली कडक भाकरी आणि शेंगाचटणी तशीच पडून होती. अनिलकुमार हळू आवाजात आरोहीला म्हणाला, “मी यंत्राची पेटीपण ऐकून ठेवतो एकदा.” काच जाड होती, पण अक्कांना ओठ वाचता आले. त्यांनी भात्याची पट्टी लावली आणि डोळे मिटले.

मग त्यांनी मला खुणेने काचेआड आपल्याजवळ बोलावले. “बुवा, मी हितं एकटी वाजवतीय. मला माझंच ऐकू येतंय, म्हणून हात शहाणपणा करतोय. तुमी निरूपण करताना मी मागं काय करते?”

मी आठवू लागलो आणि लाजलो. मला माहीतच नव्हते. मी बोलत असतो तेव्हा पेटी चालू असते, एवढेच ठाऊक होते.

“तुमी बोलत असता तवा मी संपवत न्हाय,” अक्काच म्हणाल्या. “तुमी अर्धा तास बोला, मी अर्धा तास चालते. कुटं थांबायचं ते माझ्या हातात नसतंच. म्हनून खूणबी करत न्हाय. काचेपलीकडं जा आनि बोला. तुमचा आवाज माझ्या कानात येऊ दे, पेटीत नको.”

अनिलकुमारने मला माईकपुढे उभे केले. माझा आवाज अक्कांच्या कानावरच्या हेडफोनमध्ये जाणार होता आणि ध्वनिमुद्रणात फक्त पेटी उतरणार होती. मी आख्यान लावले. दहा मिनिटे सुरेख गेली. मग कथा रंगली, माझा स्वर चढला, प्रसंग कळसाला पोचला, आणि अक्कांची बोटे माझ्याबरोबर कळसावर जाऊन थडकली. तिहाई पडली.

“बुवा,” अक्का काचेतून म्हणाल्या, “आता तुमी संपवलं.”

आरोहीने तोंड फिरवले. ती हसत होती की रडत होती, ते मला कळले नाही.

ज्या कथेला कळस नाही अशी कथा कीर्तनकाराजवळ असते कुठे? चाळीस वर्षे मी लोकांना शेवटाकडे नेत आलो. घड्याळात साडेचार वाजले होते. आणि मला सकाळची गाडी आठवली. मी डोळे मिटले आणि म्हणालो, “अक्का, आपण सोलापुराहून निघालो.”

मी रस्ता सांगू लागलो. पाकणीच्या अलीकडची काळी राने सांगितली. मोहोळच्या फलाटावर एकदा कीर्तनाहून परतताना गाडी चुकली होती ते सांगितले. माढ्याचा चहा, कुर्डुवाडीच्या रेल्वे कारखान्यातून सुटी झाल्यावर सायकलींची लागणारी रांग, केममधल्या कुंकवाने लाल झालेली दारे, जेऊरला उसाच्या गाडीवर झोपलेला म्हातारा. कुठे काही घडले नाही. कोणी राजा आला नाही, कोणाला साक्षात्कार झाला नाही. जेऊरहून मी परत वळलो: केम, कुर्डुवाडी, माढा. आणि सोलापूर आले तरी उतरलो नाही, पुन्हा निघालो. माझ्या बोलण्याखालून पेटी चालली होती. मी मोहोळला रेंगाळलो तर तीही रेंगाळल्यासारखी वाटे, तरी तिची चाल तसूभर ढळत नव्हती. त्या दिवशी मी आयुष्यात प्रथम अक्कांची साथ केली.

पाच वाजून दहा मिनिटांनी अनिलकुमारने हात वर केला. त्याने मधले आवर्तन उचलले, जोडले, फिरवले. एकदा ऐकले. पुन्हा ऐकले. तिसऱ्यांदा त्याने पडद्यावरची आवाजाची रेघ आमच्यापासून झाकली आणि म्हणाला, “सांगा, जोड कुठं आहे?”

आम्ही तिघेही चुकलो.

“उद्या सकाळी हेच जाणार,” तो म्हणाला, आणि उठून अक्कांच्या पाया पडला. मग त्याने भाकरी मोडून घेतली. म्हणाला, सोलापूर सोडल्यापासून अशी चटणी खाल्ली नाही.

खेळ बाजारात आला त्याला आठ महिने लागले. आला तरी बारव लगेच भेटेना. ती कथेच्या मध्यावर होती. आरोहीने मधले टाळून थेट बारवच काढून दाखवते म्हटले, तर अक्का ऐकेनात. “पायानं चालत जा. म्हातारीला काय घाई न्हाय.” नऊ दिवस त्या घरात रोज एकच प्रश्न होता: पोचलीस का?

दहाव्या दिवशी, रविवारी सकाळी, आरोहीचा फोन आला आणि मी गेलो. पडद्यावर एक तरुण मुलगी उभी होती, पाठीला तलवार, पायांवर धूळ. समोर दगडी पायऱ्या खाली उतरत होत्या आणि तळाशी पाणी होते. ती पहिली पायरी उतरली आणि पेटी सुरू झाली.

मी अनेक थोरामोठ्यांच्या बैठका ऐकल्या आहेत. त्या दोन खोल्यांत, स्टीलच्या डब्यांच्या फळीखाली, मला जे वाटले ते कुठल्याही बैठकीत वाटले नाही. बावीस वर्षे जगभरच्या लेकरांनी जी चाल मनात जपली, तिच्या वाटेत आता बाळीवेशीतल्या एका बाईची बोटे होती. त्या सुरांखाली मोहोळ होते, माढा होते, केमची लाल दारे होती. ती कोणाला ऐकू येणार नाहीत. माझा आवाज त्यात नाही आणि नसावाच. साथ म्हणजे काय, हे मला साठाव्या वर्षी कळले.

अक्का पडद्याकडे पाहत नव्हत्या. त्यांनी डोळे मिटले होते आणि गुडघ्यावर एक बोट ठेवले होते. मला कळले, त्या जोड शोधत होत्या.

“आता येईल,” त्या पुटपुटल्या.

आम्ही थांबलो. चाल वर गेली, मागे आली, पुन्हा वर गेली.

“आता येईल की,” त्या पुन्हा म्हणाल्या. थोड्या वेळाने त्यांनी डोळे उघडले. “गेला का?”

“मघाशीच, आत्या. तीनदा,” आरोही म्हणाली.

अक्कांनी गुडघ्यावरचे बोट उचलले. चेहऱ्यावर जे उमटले त्याला मी अभिमान म्हणेन. त्यांनी त्याला काहीच म्हटले नसते. आत कुकरने शिटी दिली, तशा त्या पदर सावरत उठल्या. आरोहीने खेळ पुढे न्यायला हात उचलला.

“ऱ्हाऊ दे,” अक्का दारातून म्हणाल्या. “पोरगी लई लांबून आलीय. बसू दे तिला.”